साइन २क्ष = कॉस क्ष : एकाच समीकरणाची तीन उत्तरे, आणि ‘सर्व उकली’ म्हणजे नक्की किती?

घाटमाथा

नमस्कार. माझी मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेत आहे आणि त्रिकोणमितीय समीकरणांचा भाग आम्ही दोघे मिळून सोडवत आहोत. माझा गणिताशी संबंध सुटून बरीच वर्षे झाली असल्याने मीही जवळजवळ नव्यानेच शिकतो आहे. आमची अडचण एका साध्या दिसणाऱ्या उदाहरणापाशी सुरू झाली: साइन २क्ष = कॉस क्ष, व्यापक उकल काढा.

मुलीने साइन २क्ष च्या जागी २ साइन क्ष कॉस क्ष लिहिले, दोन्ही बाजूंना कॉस क्ष ने भागले आणि साइन क्ष = १/२ मिळवले. त्यावरून तिचे उत्तर आले: ३०° + ३६०°×न आणि १५०° + ३६०°×न, जिथे न हा कोणताही पूर्णांक आहे. तिच्या मैत्रिणीच्या उत्तरात या दोन्हींखेरीज ९०° + १८०°×न असा तिसरा गट आहे. सरावसंचाच्या शेवटी छापलेले उत्तर मात्र दोघींशीही जुळत नाही, कारण तिथे ३०° + १२०°×न आणि ९०° + ३६०°×न असे दोनच गट दिले आहेत.

तिन्ही उत्तरे वेगवेगळी दिसतात. यांपैकी बरोबर कोणते, आणि पुढच्या वेळी कुणालाही न विचारता ते कसे ओळखायचे, हे जाणकारांनी सांगावे. (परीक्षेत १८०° ऐवजी पाय लिहितात याची कल्पना आहे. इथे वाचायला सोपे जावे म्हणून अंशांत लिहिले आहे.)

कोनमापक

घाटमाथा, तुम्ही तिन्ही उत्तरे जशीच्या तशी मांडलीत हे फार चांगले केलेत, कारण या तिघांची तुलना केली की या विषयाचा अर्धा भाग समजतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात अनेक वर्षे हे प्रकरण शिकवले असून, दर वर्षी वर्गात निदान दोन-तीन विद्यार्थी ‘सर, माझे उत्तर पुस्तकाशी जुळत नाही’ असे म्हणत उभे राहत. त्यांतल्या काहींचे उत्तर अगदी बरोबर असे आणि केवळ दिसायला वेगळे असे, तर काहींचे खरोखरच अपुरे असे.

हा फरक ओळखण्यासाठी व्यापक उकलीची सूत्रे शेजारी ठेवून पाहू नका. ० ते ३६० अंशांच्या एका फेरीत प्रत्येक सूत्र कोणकोणते कोन देते त्याची यादी करा. साइन २क्ष आणि कॉस क्ष या दोघांच्याही किमती ३६०° नंतर पुन्हा त्याच येत असल्यामुळे, एका फेरीत दोन याद्या जुळल्या की त्या सगळीकडे जुळतात.

मुलीची यादी: ३०°, १५०°.
मैत्रिणीची यादी: ३०°, १५०°, ९०°, २७०°.
पुस्तकाची यादी: ३०°, १५०°, २७०° (हे तिन्ही ३०° + १२०°×न मधून, न = ०, १, २ घेऊन) आणि ९०°.

म्हणजे मैत्रीण आणि पुस्तक एकच गोष्ट सांगत आहेत. कोन चारच आहेत, फक्त त्यांचे गट निराळे पाडले आहेत. पुस्तकाने २७०° हा कोन ३०° आणि १५०° यांच्या पंक्तीला बसवला, कारण ते तिघे १२० अंशांच्या समान अंतरावर आहेत. मैत्रिणीने तो ९०° बरोबर बसवला, कारण ते दोघे १८० अंशांच्या अंतरावर आहेत. दोन्ही मांडण्यांना पूर्ण गुण मिळायला हवेत.

पुस्तकाची मांडणी कुठून आली तेही पाहा. कॉस क्ष म्हणजे साइन (९०° − क्ष), म्हणून समीकरण साइन २क्ष = साइन (९०° − क्ष) असे होते. दोन कोनांचे साइन समान असतील तर एकतर त्या कोनांत पूर्ण फेऱ्यांचाच फरक असतो, किंवा त्यांची बेरीज १८०° अधिक पूर्ण फेऱ्या इतकी असते. पहिल्या शक्यतेतून ३क्ष = ९०° + ३६०°×न, म्हणजे क्ष = ३०° + १२०°×न मिळते. दुसऱ्या शक्यतेतून २क्ष + ९०° − क्ष = १८०° + ३६०°×न, म्हणजे क्ष = ९०° + ३६०°×न मिळते.

आता मुलीचे उत्तर. त्यात दोन उकली हरवल्या आहेत आणि त्या भागाकाराच्या पायरीवर हरवल्या आहेत. कॉस क्ष ने भागण्याचा अधिकार आपल्याला तो शून्य नसेल तेव्हाच असतो. ज्या कोनांना कॉस शून्य होतो ते ९०° आणि २७०° हे कोन मूळ समीकरणात ठेवून पाहिले तर साइन १८०° = ० = कॉस ९०° आणि साइन ५४०° = ० = कॉस २७०°, म्हणजे दोन्ही खऱ्या उकली आहेत. भागाकार करताना आपण त्यांना न विचारता घराबाहेर काढले. म्हणून भागण्याऐवजी सगळे एका बाजूला आणावे, कॉस क्ष × (२ साइन क्ष − १) = ० असे अवयव पाडावेत आणि दोन्ही अवयव वेगवेगळे शून्य करावेत.

घाटमाथा

कोनमापक सर, मनापासून आभार. यादी करण्याची युक्ती मुलीला लगेच पटली. भागाकार करून उकली हरवतात हे समजले. मग याच्या उलट, म्हणजे नसलेल्या उकली उत्तरात येणे, असेही घडते का?

कोनमापक

घडते, आणि तिथे मुख्य कारण वर्ग करणे हे असते. साइन क्ष + कॉस क्ष = १ हे समीकरण घ्या. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की १ + २ साइन क्ष कॉस क्ष = १, म्हणजेच साइन २क्ष = ० मिळते, आणि एका फेरीत ०°, ९०°, १८०°, २७०° असे चार कोन हाती येतात. मूळ समीकरणात ते ठेवून पाहिले की ०° आणि ९०° टिकतात, परंतु १८०° ला डावी बाजू −१ येते आणि २७०° लाही −१ येते. बेरीज १ असो वा −१ असो, वर्ग १ च येणार. वर्ग करताना चिन्हाची खूण पुसली गेल्यामुळे आपण नकळत साइन क्ष + कॉस क्ष = −१ या दुसऱ्याच समीकरणाच्या उकलीही गोळा केल्या.

वर्ग करणे चूक आहे असे मी म्हणणार नाही. वर्ग केल्यावर प्रत्येक उमेदवार मूळ समीकरणात तपासला नाही, ही चूक आहे. तपासणी टाळायचीच असेल तर वर्ग न करण्याची रीत अधिक सुंदर आहे. दोन्ही बाजूंना २ च्या वर्गमुळाने भागा. डावी बाजू कॉस (क्ष − ४५°) होते आणि उजवी बाजू १/√२, म्हणजे कॉस ४५°. मग क्ष − ४५° = ±४५° + ३६०°×न, म्हणून क्ष = ९०° + ३६०°×न किंवा क्ष = ३६०°×न. आगंतुक उकल इथे येतच नाही. अ कॉस क्ष + ब साइन क्ष = क या प्रकारच्या प्रत्येक समीकरणाला ही रीत लागू पडते. क ची किंमत, चिन्ह सोडून, अ आणि ब यांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळापेक्षा मोठी असेल तर उकलच नाही, हेही त्याच पायरीवर दिसून येते. ३ कॉस क्ष + ४ साइन क्ष = ६ हे समीकरण सोडवायला बसण्याचे कारणच नाही, कारण डावी बाजू ५ च्या वर जाऊ शकत नाही.

शंकानिरसन

कोनमापक यांच्याविषयी आदर राखून माझे मत थोडे वेगळे मांडतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना इतका वेळ नसतो. तीन सूत्रे पाठ असली की बहुतेक काम होते. साइन क्ष = साइन अ असेल तर क्ष = १८०°×न + (−१) चा न वा घात × अ. कॉस क्ष = कॉस अ असेल तर क्ष = ३६०°×न ± अ. टॅन क्ष = टॅन अ असेल तर क्ष = १८०°×न + अ. याद्या, वर्तुळे आणि आलेख यांत वेळ घालवण्यापेक्षा ही सूत्रे हाताशी असणे बरे.

कोनमापक

सूत्रे पाठ असावीत याबद्दल माझे दुमत नाही. परंतु साइनच्या सूत्रातील (−१) चा न वा घात कुठून आला हे ठाऊक नसलेला विद्यार्थी तो चुकीच्या ठिकाणी लिहितो, हे मी उत्तरपत्रिकांत इतक्या वेळा पाहिले आहे की त्याबद्दल आग्रहाने बोलावेसे वाटते.

एकक वर्तुळ काढा आणि मध्यबिंदूपासून १/२ उंचीवर एक आडवी रेषा ओढा. ती वर्तुळाला दोन ठिकाणी छेदते. उजवीकडचा बिंदू ३०° वर आणि डावीकडचा १५०° वर असतो, कारण तो उजव्या बिंदूचे उभ्या अक्षातील प्रतिबिंब आहे. न सम असेल तेव्हा सूत्र उजवा बिंदू देते आणि विषम असेल तेव्हा १८०° मधून ३०° वजा करून डावा. न = ०, १, २, ३ ठेवले की ३०°, १५०°, ३९०°, ५१०° असे कोन क्रमाने येतात. म्हणजे हे एक सूत्र दोन पंक्ती आळीपाळीने मोजते. कॉससाठी रेषा उभी असते, म्हणून दोन बिंदू आडव्या अक्षाच्या वर आणि खाली येतात आणि सूत्रात ± येते. टॅनसाठी मध्यबिंदूतून जाणारी तिरपी रेषा असते, तिची दोन टोके १८० अंशांच्या अंतरावर असतात, म्हणून तिथे एकच पंक्ती पुरते.

आपल्या जुन्या परिभाषेत साइनला ज्या म्हणतात आणि तो शब्द नेमके हेच चित्र दाखवतो. ज्या किंवा जीवा म्हणजे धनुष्याची दोरी, आणि आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये २२५ कलांच्या (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) अंतराने ज्या २४ किमती दिल्या त्या अर्ध्या दोरीच्या आहेत. पुढे जीवा हा शब्द अरबीत ‘जिबा’ असा गेला, ‘जैब’ असा वाचला गेला, आणि त्याचा अर्थ वस्त्राची घडी किंवा खोळ असा घेऊन लॅटिनमध्ये ‘सायनस’ झाला. शब्द बदलला तरी दोरीला टोके दोनच असतात. साइनच्या समीकरणाला एका फेरीत साधारणपणे दोन उकली का, याचे उत्तर त्यातच आहे. दोरी वर्तुळाला स्पर्श करण्याइतकी वर गेली की दोन्ही टोके एकत्र येतात आणि साइन क्ष = १ ला एका फेरीत ९०° ही एकच उकल उरते.

आकाशदर्शी

कोनमापक सरांचे हे वाक्य वाचून लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण महाराष्ट्रात दर वर्षी आकाशात हे समीकरण सुटताना दिसते. शून्य सावली दिवस आपण सर्वांनी ऐकला आहे. त्या दिवशी भर मध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाखाली जाते. हे तेव्हाच घडते जेव्हा सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, आपल्या गावाच्या अक्षांशाइतकी होते.

क्रांती वर्षभरात सुमारे +२३.४४° ते −२३.४४° अशी झुलते. ढोबळमानाने क्रांती = २३.४४° × साइन क्ष असे धरता येते, जिथे क्ष हा कोन २१ मार्चपासून दर दिवसाला ३६०/३६५ अंशाने वाढतो. पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५° आहे. १८.५ ला २३.४४ ने भागले की ०.७८९ येते. गणकयंत्र उलट साइन घेऊन ५२.१° सांगते. त्याचे दिवस झाले सुमारे ५३, म्हणजे १३ मे. इथेच थांबलो तर आपण वर्षातला एकच दिवस सांगू. दुसरा कोन १८०° − ५२.१° = १२७.९°, त्याचे दिवस सुमारे १३०, म्हणजे २९ जुलै. पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळ नसल्याने आणि सूत्र ढोबळ असल्याने एखाद्या दिवसाचा फरक पडतो, पण पुण्यात शून्य सावली दिवस वर्षातून दोनदा येतो तो याच दोन उकलींमुळे. जुलैतला दिवस बहुधा ढगांत जातो म्हणून तो लोकांच्या ध्यानात राहत नाही.

नागपूरचा अक्षांश सुमारे २१.१५° आहे. तेच गणित केले की ६४.५° आणि ११५.५° मिळतात, म्हणजे मेचा शेवटचा आठवडा आणि जुलैचा मध्य. उत्तरेकडे जावे तसे दोन दिवस एकमेकांच्या जवळ येतात, कर्कवृत्तावर ते २१ जूनच्या सुमारास एक होतात, आणि दिल्लीच्या २८.६ अंशांना भागाकार १ पेक्षा मोठा येत असल्यामुळे तिथे उकलच नाही. दिल्लीत सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. दोन उकली, एक उकल आणि उकल नाही, या तिन्ही शक्यता नकाशावर खालून वर जाताना दिसतात.

घाटमाथा

आकाशदर्शी, हे वाचून मुलीने लगेच आमच्या गावाचा अक्षांश शोधला आणि दोन्ही तारखा काढून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवल्या.

तिची आणखी एक शंका आहे. साइन क्ष = −१/२ साठी गणकयंत्र −३०° दाखवते, पण पुस्तकात मुख्य उकली २१०° आणि ३३०° दिल्या आहेत. गणकयंत्र चुकते का?

वक्ररेषा

मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ही शंका मलाही होती म्हणून उत्तर देतो. गणकयंत्र चुकत नाही, ते वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. उलट साइनची मुख्य किंमत −९०° ते ९०° या पट्ट्यातच घ्यायची असे ठरलेले आहे, उलट कॉसची ०° ते १८०° मध्ये. बोर्डाच्या पुस्तकात मुख्य उकल म्हणजे ०° किंवा त्याहून मोठी आणि ३६०° पेक्षा लहान असलेली उकल. मुख्य किंमत आणि मुख्य उकल ही नावे सारखी वाटतात, पण पट्टे निराळे आहेत. −३०° मध्ये ३६०° मिळवले की ३३०°, आणि १८०° मधून −३०° वजा केले की २१०°.

याच बरोबर, कोनाला गुणक असेल तर पट्टाही त्याच पटीने मोठा करायला विसरू नका. साइन ३क्ष = १/२ च्या ०° ते ३६०° मधील उकली काढताना मी अकरावीत क्ष = १०° आणि ५०° लिहून पुढे गेलो होतो आणि सहापैकी चार उकली गमावल्या होत्या. क्ष एक फेरी मारतो तेव्हा ३क्ष तीन फेऱ्या मारतो. म्हणून ३क्ष = ३०°, १५०°, ३९०°, ५१०°, ७५०°, ८७०° असे सहा कोन आधी लिहायचे आणि मगच तिनाने भागायचे: १०°, ५०°, १३०°, १७०°, २५०°, २९०°. उलट साइन (क्ष/२) = १/२ मध्ये क्ष = ६०° आणि ३००° मिळाल्यावर पुढे ७२०° मिळवायचे, ३६०° नाही. ६०° मध्ये ३६०° मिळवले तर क्ष/२ = २१०° होतो आणि त्याचा साइन −१/२ आहे.

शंकानिरसन

वक्ररेषा यांनी दिलेल्या दुसऱ्या उदाहरणात मीही घाईत ३६०° मिळवले असते, हे मान्य करतो. कोनमापक सरांना एक विचारतो. टॅन ३क्ष = टॅन क्ष याला माझ्या सूत्राने ३क्ष = क्ष + १८०°×न, म्हणून क्ष = ९०°×न असे उत्तर येते. परंतु एका सरावसंचात उत्तर फक्त १८०°×न आहे. इथे ना भागाकार आहे ना वर्ग. मग अर्धी उकली कुठे गेल्या?

कोनमापक

फार चांगले उदाहरण आणलेत. न विषम असेल तर क्ष = ९०°, २७०° असे कोन येतात आणि तिथे टॅनला किंमतच नाही. ३क्ष ही तिथे २७०°, ८१०° होतो, त्यालाही टॅन नाही. दोन्ही बाजूंना अर्थच नसताना त्या समान आहेत असे म्हणता येत नाही, म्हणून त्या उकली गळतात आणि १८०°×न एवढेच उरते. टॅन, कॉट, सेक, कोसेक यांपैकी काहीही समीकरणात दिसले की पहिल्या ओळीत कोणते कोन वर्ज्य आहेत ते लिहून ठेवावे. सूत्र दोन टॅन समान असण्याची अट सांगते, पण ते दोन टॅन अस्तित्वात आहेत हे ते गृहीत धरते.

वक्ररेषा

एक छोटी भर. सर्व उकली काढा म्हटले की त्या अनंतच असतील असे नाही. साइन क्ष = क्ष/१० हे समीकरण घ्या, क्ष रेडियनमध्ये. याला सूत्र नाही. पण साइनची लाट आणि क्ष/१० ही सरळ रेषा एकाच आलेखात काढली की मोजता येते. रेषा क्ष = १० ला १ ची उंची गाठते, त्यापुढे लाट तिला भेटूच शकत नाही. धन बाजूला पहिल्या कमानीत एक आणि तिसऱ्या अर्ध्या लाटेत, म्हणजे सुमारे ६.२८ ते ९.४२ या भागात, दोन असे तीन छेद मिळतात. ऋण बाजूला सममितीने तीन आणि क्ष = ० धरून एकूण सात. उकलींच्या किमती पुढे संगणकाने हव्या तितक्या अचूक काढता येतात, पण सातच आहेत हे आलेखाने आधी सांगितले नाही तर संगणकाने तिसरी दिल्यावर थांबायचे की नाही हेच कळणार नाही.

घाटमाथा

सर्वांचे आभार. आज संध्याकाळी मुलीने स्वतः एक उदाहरण निवडले आणि माझी मदत न घेता दोन रीतींनी सोडवले. तपासावे ही विनंती.

साइन ३क्ष = साइन क्ष. पहिली रीत: ३क्ष = क्ष + ३६०°×न वरून क्ष = १८०°×न, आणि ३क्ष = १८०° − क्ष + ३६०°×न वरून क्ष = ४५° + ९०°×न. एका फेरीतील यादी ०°, १८०°, ४५°, १३५°, २२५°, ३१५°. दुसरी रीत: साइन ३क्ष = ३ साइन क्ष − ४ साइन क्ष चा घन, म्हणून २ साइन क्ष × (१ − २ साइन क्ष चा वर्ग) = ०. साइन क्ष ने भागले नाही, अवयव ठेवले. साइन क्ष = ० वरून ०° आणि १८०°, साइन क्ष = ±१/√२ वरून ४५°, १३५°, २२५°, ३१५°. दोन्ही याद्या सहा कोनांच्या आहेत आणि जुळतात.

कोनमापक

सहाही बरोबर आहेत, आणि एका फेरीत एवढ्याच आहेत. तिला माझ्याकडून शाबासकी सांगा. आता तिला कॉस ३क्ष = कॉस क्ष द्या. तिथे यादी चारच कोनांची येईल, आणि साइनला सहा मिळाले असताना कॉसला चार का, हे तिने वर्तुळ काढून तुम्हाला समजावून सांगावे.

घाटमाथा

सांगितले. ०°, ९०°, १८०°, २७०° आले. ३क्ष = क्ष + ३६०°×न मधून १८०°×न मिळते, ३क्ष = −क्ष + ३६०°×न मधून ९०°×न मिळते, आणि पहिली पंक्ती दुसरीच्या आतच सामावलेली असल्यामुळे नवे काही येत नाही; साइनच्या वेळी दोन्ही पंक्तींत सामाईक कोन एकही नव्हता, म्हणून दोन आणि चार मिळून सहा झाले. वर्तुळ तिने काढले असून ते आता शून्य सावलीच्या कॅलेंडरशेजारी लावले आहे.